परतण्याची आशा

मनुष्य जिंकतो कसा, हें पाहण्यास हजारों लोक जमतात. पडलेला मनुष्य उठतो कसा, हें पाहण्यास बहुधा कोणीच नसतें. क्रीडांगणावरील पराक्रमाचीं वर्णनें आपण आवडीनें वाचतों. परंतु दुखापतीनंतर पुन्हां मैदानावर येऊं पाहणाऱ्या खेळाडूची कथा मला अधिक विचार करावयास लाविते. तिच्यांत एक कठीण प्रश्न दडलेला असतो: जी आशा फळास येईल कीं नाहीं हें कोणासच ठाऊक नाहीं, तिच्यासाठीं किती सोसावें? ऑस्ट्रेलियांतील दोन फुटबॉलपटूंच्या चरित्रांनीं हा प्रश्न माझ्यापुढें उभा केला.

त्या देशाचा फुटबॉल आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. त्याचे नियम १८५९ सालीं मेलबर्न शहरीं प्रथम लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, आणि प्रत्येक पक्षाचे अठरा गडी. चेंडू पायानें मारावयाचा, हातानें झेलावयाचा, व प्रसंगीं प्रतिपक्ष्याच्या खांद्यांवरून उंच उडी घेऊन तो टिपावयाचा. धांवतां धांवतां एकाएकीं वळणें आणि उंचावरून एका पायावर उतरणें, हें ह्या खेळाचें सौंदर्य. परंतु त्याचा सारा भार गुडघ्यास सोसावा लागतो.

जॉन कोलमन हा एसेंडन संघाचा खेळाडू. १९४९ सालीं आपल्या पहिल्याच सामन्यांत त्यानें हॉथॉर्न संघाविरुद्ध बारा गोल केले. त्याची उडी पाहण्यासाठीं लोक लोटत. १९५४ सालच्या जून महिन्यांत, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, त्याचा गुडघा निखळला. त्यानें परतण्याची खटपट केली. पण गुडघ्यानें साथ दिली नाहीं. अठ्ठ्याण्णव सामने आणि ५३७ गोल, येथेंच त्याचा खेळ संपला.

त्यानंतर वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढें गेलें. गुडघ्याच्या आंत मांडीचें हाड व नडगीचें हाड ह्यांस जखडून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. तो पुष्कळदां कोणाचा धक्का लागल्यावांचूनच, नुसत्या वळण्यानें, तुटतो. आतां शस्त्रवैद्य रोग्याच्याच मांडीमागील किंवा गुडघ्याच्या वाटीखालील स्नायुबंधाची पट्टी काढून, हाडांत छिद्रें पाडून, ती त्याच्या जागीं बसवितात. ही नवी दोरी रुजून बळकट होण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागतें.

तथापि शास्त्र साधन देतें, अभय देत नाहीं. सिडनी स्वान्स संघाचा अलेक्स जॉन्सन हा बचावाच्या फळींतील तरुण खेळाडू. २०१२ सालच्या सप्टेंबरांत, वयाच्या विसाव्या वर्षीं, तो अंतिम सामन्यांतील विजयी संघांत होता. पुढच्याच वर्षीं त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. पुढील कांहीं वर्षांत त्याच गुडघ्याची पांच वेळां पुनर्बांधणी करावी लागली. २०१८ सालच्या ऑगस्टांत, सुमारें सहा वर्षांनंतर, तो कॉलिंगवुडविरुद्ध सिडनीच्या मैदानावर पुन्हां उतरला. परंतु त्यानंतरच्या दुसऱ्याच सामन्यांत, मेलबर्न येथें, त्याचा उजवा गुडघा गेला. त्या श्रेष्ठ लीगमध्यें तो पुन्हां खेळला नाहीं.

व्यवहारी मनुष्य येथें जमाखर्च मांडील: पांच पुनर्बांधण्या, सहा वर्षें, आणि पदरीं दोन सामने! हा हिशेब उडवून लावण्याजोगा नाहीं. शरीर हें एकदांच मिळतें, आणि पुढें उभें आयुष्य चालावयाचें असतें. मी त्याचा मित्र असतों, तर कदाचित् तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर "आतां पुरे," असें मीच म्हटलें असतें.

तरीही ह्या जमाखर्चांत एक रक्कम लिहावयाची राहते असें मला वाटतें. ज्यास आशा असते, त्याचा दिवस निराळा उगवतो. आज पाय सरळ करावयाचा, उद्यां कुबड्या टाकावयाच्या, महिन्यांनीं हळूहळू धांवावयाचें. ह्या बारीकसारीक कामांना अर्थ येतो तो आशेमुळें. आशा आणि हट्ट ह्यांतील भेदही येथेंच कळतो. हट्टी मनुष्य वैद्याचा शब्द मोडून वेळेआधींच धांवतो. आशावंत मनुष्य थांबण्यासही काम मानतो. त्या सहा वर्षांचें मोल दोन सामन्यांनीं ठरत नाहीं. ते दोन सामने न लाभते, तरीही तीं वर्षें आळसांत किंवा कडवटपणांत गेलीं असें कोणास म्हणतां आलें नसतें.

आणि दार बंदच झालें तर? ह्याचें उत्तर कोलमनच्या उत्तरचरित्रांत आहे. १९६१ सालीं तो आपल्याच संघाचा मार्गदर्शक झाला, आणि १९६२ व १९६५ सालीं त्याच्या शिकवणीखालीं एसेंडननें विजेतेपद मिळविलें. १९७३ सालीं तो अवघ्या चव्वेचाळीस वर्षांचा असतां वारला. परंतु लीगमध्यें सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास दिलें जाणारें पदक आज त्याच्याच नांवाचें आहे. तो परत आला खरा, पण स्वतःच्या पायांनीं नव्हे, इतरांच्या पायांनीं.

पवित्र शास्त्रांतील याकोबाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. रात्रभर झुंज देऊन त्यानें आशीर्वाद मिळविला. पण सकाळीं तो लंगडत निघाला. मांडीचा सांधा निखळला तो निखळलाच. देवानें त्याचें लंगडणें काढून घेतलें नाहीं. त्या लंगडणाऱ्या पायांनींच त्याला पुढें, दुरावलेल्या भावाच्या भेटीस जावयाचें होतें.

विद्यार्थिबंधूंनो, कोणाचा पाय मोडेल, कोणाची परीक्षा हुकेल, कोणाच्या घरावर संकट कोसळेल. पूर्वीच्याच जागीं आपण परत जाऊं, असें वचन कोणीही देऊं शकत नाहीं. परतण्याची आशा मात्र अवश्य धरावी, आणि तिच्या नांवानें आजचें काम आज करावें. मग ती आशा आपणांस जुन्या मैदानावर नेवो कीं एखाद्या नव्या. तेथें पोहोंचतांना आपले हात रिकामे असणार नाहींत.