तामलवाडीची वाट आणि मनगटावरील नाडी

सोलापुरातील रूपाभवानीच्या देवळावरून निघून तुळजाभवानीच्या पायरीशी पोहोचणारी वाट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायांखालची असेल. आश्विनी पौर्णिमेस ती माणसांनी फुलून जाते. कर्नाटक-तेलंगणातील भाविकही सोलापूरकरांत येऊन मिळतात, आणि दाटी इतकी होते की वाहने अन्य मार्गांनी वळवावी लागतात. आम्ही मात्र कोजागरी टाळून मार्गशीर्षातील एक साधा दिवस निवडला. कुलस्वामिनीस पायी येण्याचा नवस फार दिवस राहून गेला होता; आणि गतवर्षी छातीत कळ येऊन गेल्यापासून गर्दीत शिरण्याची आम्हांस मनाई आहे. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. ते दोन दिवसांत, सोबत घेऊन चालावे आणि नाडी मिनिटास ११० च्या वर जाऊ देऊ नये, अशा अटीवर डॉक्टरांनी अनुज्ञा दिली. तामलवाडी साधारण निम्म्या वाटेवर आहे. पहिला मुक्काम तेथे ठरला.

ही अट पाळता यावी म्हणून पुतण्याने आमच्या मनगटावर एक घड्याळ बांधले. ते वेळेबरोबर पावले मोजते, झोप मोजते आणि नाडीचे ठोकेही दाखविते. त्याची रचना सोपी आहे. तळाशी हिरवा प्रकाश लुकलुकत असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यास मनगटात रक्ताचा लोट आला की परतणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्या चढउतारावरून यंत्र गणित करते. पावले कळतात ती हाताच्या हिसक्यांवरून.

चाळीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्याने नव्या विद्यार्थ्यास परीक्षेवाचून वरच्या वर्गात कसे घालावे? खिशात चिंचोके ठेवून, दर शंभर पावलांस एक बाजूला काढीत, आम्ही अंगणात हजार पावले चाललो. हात मोकळा असता यंत्राने ९८८ सांगितली. त्याच हातात काठी टेकीत चाललो तेव्हा ७०० च्या आसपासच. स्वस्थ बसून बोटांनी मोजलेली नाडी आणि यंत्राचा आकडा यांत मात्र एका-दोहोंहून अधिक अंतर पडले नाही. रोज दहा हजार पावलांचा जो धोशा हल्ली घरोघर ऐकू येतो, त्याचे मूळ १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावात आहे. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. तेव्हा त्या आकड्यास वेदवाक्य मानण्याचे कारण नाही.

असो. पहाटे निघालो. शहर मागे पडले तशी दोन्ही अंगांस कमरेइतकी शाळू, मधून हरभरा, आणि काळ्या जमिनीवर दहिवराचा गारवा. मोठा रस्ता आता रुंद झाला आहे. मालमोटारींचा वारा अंगावर येतो, पण कडेने चालणाऱ्यास वाट राहते. वाटेत दोनदा फराळ व विसावा घेत दुपार टळता तामलवाडीचा टोलनाका दृष्टीस पडला. तोच घड्याळाकडे पाहणारा पुतण्या एकदम थबकला.

“काका, एकशे चौदा! खाली बसा आधी.”

लिंबाच्या सावलीत बसलो आणि बसताक्षणी मनगटावर बोटे ठेवली. मोजून ९२ भरले. मग पुतण्याने आमच्याच चालीने चालून मिनिटाची पावले मोजली, तो ती बरोबर ११४! यंत्राने पावलांचा ठेका नाडीचा म्हणून लिहून घेतला होता. चालताना हात एका लयीत हलू लागला की अशी फसगत होते, पट्टा सैल असल्यास विशेष. दोघेही पोटभर हसलो.

परंतु बोटे मनगटावरच होती, आणि त्यांस काही निराळे लागले. सात-आठ ठोके नीट पडत, मग एक गाळल्यासारखा होई. यंत्र आता निश्चिंतपणे ८४ दाखवीत होते. आमचे हसू मावळले. शार्ङ्गधराने नाडीची गती सर्प, बेडूक, हंस यांच्या चालीवरून ओळखावयास सांगितली आहे. आणि जी थांबून थांबून चालते तिला त्याने प्राणघातक म्हटले आहे. ते वचन विद्यार्थिदशेत आम्ही घोकले होते. ते आपल्याच मनगटावर वाचावे लागेल, असे वाटले नव्हते.

नवस अर्धा राहिला, हे शल्य होतेच. सौभाग्यवतीस दूरध्वनी केला. ती म्हणाली, “अहो, देवीला अर्धी वाट चालेल. मला मात्र तुम्ही पुरते हवे आहात.” यावर युक्तिवाद उरला नाही. तामलवाडीहूनच एस.टी. धरून माघारी फिरलो.

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. एखादा ठोका वेळेआधी येतो आणि त्यामागे विराम पडतो. उतारवयात हे पुष्कळांस होते व बहुधा निरुपद्रवी असते, पण एकदा दुखावलेल्या हृदयाच्या बाबतीत दुर्लक्ष करू नये, असे ते म्हणाले. औषध बदलले. शार्ङ्गधराच्या वचनाने आम्ही भ्यालो ते अतिरिक्त होते. यंत्राच्या ८४ वर विसंबलो असतो तर तेही चुकले असते. मात्र घड्याळात साठलेली महिनाभराची रात्रीची नाडी डॉक्टरांनी लक्षपूर्वक पाहिली. ती ६६ वरून हळूहळू ७२ वर आली होती. एवढी चिकाटीची पहारेदारी आमच्या बोटांच्याने होणे नाही.

इंग्लंडात जॉन फ्लॉयर या वैद्याने नाडी मोजण्यासाठी मिनिटभर चालणाऱ्या घड्याळाचा पुरस्कार केला तो १७०७ साली. तेव्हापासून नाडीस संख्या मिळाली. त्यापूर्वी आमच्याकडे तिला गती होती. आमच्या घड्याळास संख्या येते, गती येत नाही. आलेख काढणारी घड्याळेही आता निघाली आहेत. पण त्या आलेखाचा अर्थ शेवटी डॉक्टरांनीच लावावयाचा.

घरातील वडील मंडळींच्या हातावर असे यंत्र बांधावयाचे असेल तर अवश्य बांधावे. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर बोटभर अंतरावर, घट्ट पण न रुतणारा असावा. आकडा पाहावयाचा तो थांबून, हात स्थिर ठेवून. आणि नातवंडांनी आठवड्यातून एकदा तरी आजोबांचा हात हाती घेऊन मिनिटभर नाडी मोजावी. यंत्राची परीक्षा होते, आणि आजोबांचीही विचारपूस होते.

राहिलेली अर्धी वाट आम्ही देवीचे देणे लागतो. अनुज्ञा मिळताच तामलवाडीच्या त्याच लिंबापासून निघू. घड्याळ हातावर असेलच. बोटेही रिकामी ठेवणार नाही.