न्हाणीघरातील काळी भिंत

शिक्षकाच्या नोकरीनिमित्त 1994 साली मी दिग्रसला आलो, तेव्हा येथील उन्हाळ्याविषयी मला पुष्कळांनी सावध केले होते. पावसाळ्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. वसईसारख्या समुद्रकाठच्या दमट गावातून आलेल्या माणसाला यवतमाळ जिल्ह्यातील पावसाचे ते काय अप्रूप, असे सर्वांना वाटले असावे. मलाही तसेच वाटले होते. मे महिन्यात येथील भिंती तव्यासारख्या तापतात. वाळत घातलेला कपडा तासाभरात कडकडीत होतो. अशा गावात बुरशीला थारा कोठून मिळणार? परंतु जुलै उजाडला, धावंडा नदी गढूळ पाण्याने भरून वाहू लागली आणि माझ्या भाड्याच्या घरातील न्हाणीघराच्या भिंतीवर, छतालगतच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा एक काळा डाग उमटला. पोळ्यापर्यंत त्याने अर्धी भिंत व्यापली.

वसईला आमच्या जुन्या घरी न्हाणी घराबाहेर, मागल्या वाडीत होती. तीन बाजूंना झावळ्यांचा आडोसा, पायाखाली दगड आणि डोक्यावर आकाश. अंगावरून ओघळलेले पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. पाऊस तेथे येथल्यापेक्षा कितीतरी अधिक. तरीही उघडीप पडली की त्या दगडावर ऊन येई आणि वारा त्याला कोरडा करी. बुरशी हा शब्द आम्ही शिळ्या भाकरीपुरताच वापरत असू. दिग्रसचे न्हाणीघर मात्र घराच्या पोटात होते. खिडकी नव्हती. वर वीतभर झरोका होता, तोही आधीच्या भाडेकरूने थंडी वाजते म्हणून पुठ्ठा ठोकून बंद केला होता. पाणी घरात घेतले आणि ऊन-वाऱ्याला बाहेर ठेवले, अशी ती रचना होती. बुरशीला याहून अधिक काय हवे असते? तिचे बीजकण हवेत सर्वत्र तरंगतच असतात. ओल, थोडीशी उब, साबणाचा किंवा रंगाचा पातळसा थर आणि मोकळ्या हवेचा अभाव, एवढ्यावर तिचा संसार थाटतो.

हे ज्ञान मला त्या वेळी नव्हते. मला दिसत होता तो केवळ घाणेरडेपणा आणि त्याची लाज वाटत होती. पहिल्या वर्षी मी भिंत ब्रशने घासली. दुसऱ्या वर्षी तिच्यावर चांगला जाड ऑइलपेंट लावला. चार महिने भिंत आरशासारखी चकाकत होती. पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड आले, ते फुटले आणि त्यांच्या आड वाढलेली बुरशी पूर्वीपेक्षा काळीकुट्ट होऊन बाहेर आली.

1998 सालच्या ऑगस्टमध्ये धर्मगुरू आमच्या घरी मिस्सा अर्पण करण्यासाठी येणार होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाचा दुसरा दिवस ठरला होता. येथे आमच्यासारखी कुटुंबे मोजकीच. त्यामुळे घरी मिस्सा होणे ही मोठी आनंदाची गोष्ट होती. त्यासाठी वसईहून आई आली होती. तिला दम्याचा विकार होता. पाहुणे हातपाय धुवायला न्हाणीघरात जाणार, फादरही जाणार, त्यांच्या दृष्टीस ती भिंत पडणार, या विचाराने मी बेचैन झालो. सणाच्या आदल्या दिवशी बाजारातून ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचे ॲसिड घेऊन आलो.

प्रथम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंतीला फासली. अर्ध्या तासात मनासारखा परिणाम दिसेना. तेव्हा त्याच ओल्या थरावर मी ॲसिड ओतले. आईला वासाचा त्रास नको म्हणून दार आतून लोटून घेतले होते. क्षणार्धात डोळ्यांत आणि घशात निखारे पडल्यासारखे झाले. मी गुडघ्यांवर बसलो होतो आणि तो वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगतच साचत होता. दार कोठे आहे ते दिसेना. माझा खोकला ऐकून दार ढकलून आत आली ती आई. तिने माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढले.

मी तासाभरात सावरलो. तिचा श्वास मात्र सावरेना. गावातील डॉक्टरांनी प्राथमिक उपचार केले आणि रात्री जीपने दारव्हामार्गे तिला यवतमाळला न्यावे लागले. नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावून ती तीन दिवस पडून होती. घरची मिस्सा झाली नाही.

ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हे रसायनशास्त्र शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्याने मला सांगितले असते. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 रोजी, बेल्जियममधील ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर सोडला तो हाच वायू. आजही ही दोन्ही द्रव्ये बाजारात एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडलेली दिसतात आणि कित्येक घरांत ती मोरीखाली शेजारीच ठेवलेली असतात. ‘नैसर्गिक’ म्हणून घरी आणलेला शिरका किंवा लिंबाचा रसही ब्लीचिंगवर पडला तर तोच वायू निघतो. एवढी एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवली, तरी हे लिहिण्याचे सार्थक होईल.

परंतु मला सांगायचे आहे ते याहून थोडे निराळे. डॉक्टरांना मी खरे सांगितले, कारण त्यावाचून उपचार झाले नसते. भावंडांना आणि फादरांना मात्र मी म्हणालो, “इथली पावसाळी हवा आईला मानवली नाही.” खाटेवरून तिने ते ऐकले. ती काही बोलली नाही.

आईला घरी आणल्यावर संध्याकाळी मी तिच्या उशाशी बायबल वाचत असे. एकदा जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचा 14 वा अध्याय समोर आला. त्यात घराच्या भिंतीला लागलेल्या रोगाविषयीचे नियम आहेत. मूळ हिब्रूत त्वचेवरील चट्टे, कापडावरील बुरशी आणि भिंतीवरील डाग या तिन्हींना एकच शब्द योजला आहे. पूर्वी हा अध्याय मी नेहमी ओलांडून पुढे गेलो होतो. त्या दिवशी प्रत्येक ओळीवर थांबलो. आरंभ होतो तो घरमालकापासून. आपल्या घरात काहीतरी डागासारखे दिसते, असे त्याने स्वतः जाऊन याजकाला सांगायचे असते. याजक आत पाऊल टाकण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढायला लावतो, म्हणजे सारेच अशुद्ध ठरून कुटुंबाचे नुकसान होऊ नये. मग तो हिरवट किंवा तांबूस, भिंतीत खोल गेलेले चट्टे न्याहाळतो, घर सात दिवस बंद ठेवतो आणि पुन्हा येऊन पाहतो. डाग पसरला असेल तरच ते दगड काढायचे, भिंती खरवडायच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा द्यायचा. एवढे करूनही डाग परतला तर घर पाडायचे आणि परतला नाही तर ते शुद्ध ठरवायचे. आधी सांगणे, मग पाहणे, मग थांबणे आणि शेवटी हात लावणे, असा तो क्रम आहे. मी पहिल्या तिन्ही पायऱ्या गाळून चौथीवर उडी घेतली होती.

त्याच आठवड्यात घरमालकीणबाई आईला भेटायला आल्या. न्हाणीघराच्या दारातून त्यांनी आत डोकावले आणि म्हणाल्या, “सर, भितीले काय घासून रायले? पानी कुठून येते थे पाहा ना आंधी.” शास्त्राने जे एका अध्यायात सांगितले, ते त्यांनी वऱ्हाडी बोलीतील एका वाक्यात सांगितले.

मग आम्ही पाहू लागलो. भिंत खडखडीत पुसून तिच्यावर प्लॅस्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. कागदाच्या खोलीकडील बाजूला दव धरले तर ओल हवेतील, म्हणजे आंघोळीच्या वाफेची. भिंतीकडील बाजूला धरले तर ती आतून झिरपणारी. आमच्याकडे दोन्ही बाजू ओल्या निघाल्या. गच्चीवरील टाकीतून उतरणाऱ्या नळाचा एक सांधा भिंतीच्या आत थेंबथेंब गळत होता. प्लंबरने तो दुरुस्त केला. झरोक्याचा पुठ्ठा मी स्वतः उखडून तेथे जाळी बसवली. सुटलेला ऑइलपेंट भिंत ओली करून खरवडला. कोरडी बुरशी घासली तर तिचे बीजकण घरभर उडतात. नाकातोंडाला फडके बांधले, आईला शेजारी पाठवले, साबण आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने भिंत धुतली आणि आठवडाभर तिला केवळ वाळू दिले.

भिंत पूर्ण सुकल्यावर तिला चुना दिला, तो आईच्या देखरेखीखाली. वसईला पाऊस सरल्यावर दरवर्षी घराला सफेदी होत असे, त्यामागील शहाणपण मला तेव्हा उमगले. भिजवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू 12 च्या आसपास असतो आणि अशा थरावर बुरशी सहसा धरत नाही. शिवाय तो भिंतीतील दमटपणा अडवून धरत नाही. ऑइलपेंटने नेमके तेच केले होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचा हळूहळू चुनखडीसारखा कठीण थर बनतो आणि त्याची ती तीव्रता ओसरते. म्हणून तो वरचेवर द्यावा लागतो. मात्र ओला चुना डोळ्यांत गेला तर दृष्टीलाच धोका असतो. निसर्गातील वस्तू निरुपद्रवी असते, हाही एक भ्रमच आहे.

घोटीव टाइल्सवर पांढरा शिरका चांगला उपयोगी पडतो. तो पाणी न घालता लावावा, तासभर राहू द्यावा, मग घासून, धुऊन, पुसून घ्यावे. त्याने सर्व नसली तरी बुरशीच्या पुष्कळ जाती मरतात. परंतु शहाबादी, कडाप्पा किंवा संगमरवरी फरशीवर त्याचा थेंबही पडू देऊ नये. हे दगड आम्लाने झिजतात. शिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस काढण्याची पद्धत दिसायला आकर्षक असते, पण ती दोन्ही एकमेकांचा जोर मारतात. वापरायचीच तर वेगवेगळ्या वेळी वापरावीत. आणि भिंत आतून ओलावत असेल, तर यांपैकी कोणताही उपाय पुढच्या पावसाळ्यापलीकडे टिकत नाही.

2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हे शब्द घरोघरी पोहोचले, तेव्हा शेजारची एक तरुण गृहिणी घाबरून आली. तिच्या न्हाणीघरात काळे डाग होते आणि घरात मधुमेही सासरे नुकतेच कोरोनातून उठले होते. तिच्या हातात ब्लीचिंगची पिशवी होती आणि घरी ॲसिडची बाटली. मी तिला अंगणात बसवले. म्युकरमायकोसिस ज्या बुरशींमुळे होतो, त्या मुख्यतः मातीत आणि कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. न्हाणीघरातील नेहमीचे काळे डाग बहुधा निराळ्या बुरशींचे असतात आणि तो आजार एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही, हे समजावले. सासऱ्यांना सफाईच्या वेळी दूर ठेवा, साखर आटोक्यात ठेवा, डोळ्याला किंवा गालाला सूज आली तर तत्काळ डॉक्टरांकडे न्या, हेही सांगितले. मग तिने विचारले, “काका, तुम्हाला हे दोन्ही एकत्र करू नये हे कसं कळलं?”

तेवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आई 2006 साली गेली होती. त्या दिवसानंतरची आठ वर्षे ती जिना चढताना मध्येच थांबे आणि कोणी कारण विचारले तर म्हणे, “वय झालं आता.” माझे नाव तिने एकदाही घेतले नाही. मी त्या मुलीला सारे सांगितले. ती गेल्यावर त्याच संध्याकाळी वसईला भावाला फोन केला आणि त्यालाही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आईनं सांगितलं होतं मला. तू सांगशील तेव्हा ऐकून घे, म्हणाली होती.”

आता आमच्या न्हाणीघराला मोठी जाळीदार खिडकी आहे. शेवटची आंघोळ झाली की मी भिंतीवरचे पाणी निपटतो, फडक्याने कोपरे पुसतो आणि दार उघडे ठेवतो. याला पाच मिनिटे लागतात. पावसाळ्यात छताचा कोपरा रोज एकदा पाहतो. कधी एखादा ठिपका दिसतो. मग घाई न करता, ओल कोठून येते आहे, ते शोधू लागतो.