आखाजीचा झोका आणि मनातला संशय

धुळ्याहून जळगावकडे निघालं की पारोळा, एरंडोल मागे पडतात. पावसाळ्यात दुतर्फा कपाशी दिसते. पुढे तापी ओलांडून यावल-रावेरकडे वळलं की केळीच्या बागा लागतात. शहरात वाढलेल्या नव्या सुनेला हा हिरवा मुलूख आठ दिवस फार आवडतो. मग घर खायला उठतं. धुळ्याकडे अहिराणी, इकडे लेवा बोली. तिला दोन्ही कळत नाहीत. नवऱ्याला सारं गाव ओळखतं, तिला कोणीच नाही.

शेतीची वीज रात्रीची असली की तो जेवून मोटार सुरू करायला जातो, ही जागीच. त्यात वैशाखात आखाजी येते, म्हणजे आपली अक्षय तृतीया. माहेरवाशिणी गावी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, नि भर रस्त्यात त्याची थट्टा करतात. हिच्या पोटात कालवतं! पण बायांनो, गावची लेक ती साऱ्या गावाची बहीण, हे हिला कोणी सांगितलेलंच नसतं. धास्ती त्यालाही असतेच. माहेरच्या फोनवर ही इतकी हसते, इथे करमेल ना हिला?

यावर पाळत ठेवणं हा उपाय नव्हे. त्याने तिला एकदा रात्री विहिरीवर न्यावं, आल्यागेल्याचं नातं सांगावं. तिनेही सासूकडून रोज चार शब्द शिकावेत नि आखाजीला खुशाल झोक्यावर बसावं. शेजारणीच्या हाकेला तिच्याच बोलीत ओ देता आली, की गाव परकं राहत नाही, आणि नवराही.