उतरल्या दिवशीचं रोम

नांदेडच्या माणसाचा युरोपचा प्रवास देवगिरी एक्स्प्रेसच्या बर्थवर सुरू होतो, लातूरकराचा रात्रीच्या मुंबई गाडीत. एक रात्र रुळांवर, दिवस ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे, मग मध्यरात्रीनंतरचं विमान आणि आखातात कुठंतरी बदल. दुपारी रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर पाय टेकतील तेव्हा अंगात दोन रात्रींचं जागरण साचलेलं असेल. सहल कंपन्यांचे छापील कार्यक्रम मात्र मुंबईत राहणाऱ्यांना डोळ्यांसमोर धरून केलेले असतात. उतरल्या उतरल्या कलोसियम, संध्याकाळी बसमधून शहरदर्शन. मला ते पटत नाही. पुराण्या शहराचं पहिलं दर्शन एकदाच होतं, ते पेंगुळलेल्या डोळ्यांनी का घ्यावं?

येत्या मे महिन्यात अक्का आणि दाजी नांदेडहून, आम्ही दोघं लातूरहून निघतो आहोत. पहिल्या दिवसाची आखणी माझ्याकडे आली आहे. अक्काच्या गुडघ्यांना चढउतार सोसत नाही, दाजींना नऊच्या ठोक्याला झोप लागते. या दोघांना सुखाचं जाईल तेवढंच त्या दिवसात ठेवायचं, हे मी मनाशी पक्कं केलं आहे.

उन्हाळ्यात रोम आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पश्चिमेकडे जाणं शरीराला त्यातल्या त्यात सोपं. आपल्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं, त्यामुळे दिवस ताणणं त्याला जमतं, आखडणं जड जातं. ते नव्या गावाला जुळवून घेतं ते मुख्यतः उजेडाच्या आधारे, आणि पश्चिमेला गेल्यावर कामाचा असतो तो संध्याकाळचा उजेड. मे महिन्यात रोममध्ये सूर्य रात्री आठ-साडेआठला मावळतो. तेव्हा नांदेडात मध्यरात्र व्हायला आलेली असते. दाजींना तोवर जागं ठेवणं, तेही खोलीत बसवून नाही तर उघड्यावर, ही माझी मुख्य जबाबदारी. दुपारी अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं, त्यापुढे हाक मारायची.

जेवणाचाही तोच हिशोब. तिथल्या खानावळींत रात्रीचं जेवण साडेसातच्या आसपास सुरू होतं, आणि तेव्हा आपल्या पोटात रात्रीचे अकरा वाजलेले असतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी शिदोरी. दशम्यांचा बेत मात्र सोडला. युरोपीय संघात बाहेरून दूधदुभत्याचे पदार्थ नेऊ देत नाहीत, आणि अक्काच्या दशम्या दुधात भिजवलेल्या. पाण्यात मळलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ. पेढेही घरीच राहतील.

मग बघायचं काय? एकच वास्तू, पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२५च्या सुमारास उभी राहिलेली. डोक्यावर ४३ मीटर व्यासाचा घुमट, आत लोखंडाची एक सळईही नाही, आणि ऐन माथ्यावर आकाशाला उघडं ठेवलेलं गोल भोक. सातव्या शतकापासून तिथं चर्च आहे, म्हणून बसायला बाकं आहेत. शिवाय अक्काला पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. आपल्याकडे होट्टलच्या सिद्धेश्वराच्या देवळात उजेड दारातून येतो आणि सभामंडपातून जाता जाता गाभाऱ्यापाशी विझतो. इथं तो थेट वरून उतरतो. ऊन असलं की त्याचं एक मोठं वर्तुळ भिंतीवर पडतं आणि दिवसभर सरकत राहतं. झोपेनं गोंधळलेल्या माणसानं त्या वर्तुळाकडे पाहत तासभर बसून राहावं. नव्या गावात किती वाजले ते शरीराला सांगायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. पाऊस आला तर तोही आत येतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो.

तिथून ट्रेव्हीच्या कारंज्यापर्यंत दहा-बारा मिनिटांची चाल. वाटेत ओतीव लोखंडाचे नळ लागतील. असे अडीच हजारांच्या आसपास नळ शहरभर आहेत, १८७०च्या दशकापासून, आणि त्यांचं पाणी पिण्याचं. बहुतेकांना तोटी नाही. धार रात्रंदिवस वाहते. लातूरच्या माणसाला हे बघवेल का, याचा मी खूप विचार केला. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आमच्या गल्लीत घागरी-हंड्यांची रांग होती. पहिल्या फेरीचे दहा टँकर, पाच लाख लिटर. ज्यानं ते पाहिलं त्याचा हात तिथं तोटी शोधणारच. पण मला वाटतं, हे आपण मुद्दाम पाहावं. ट्रेव्हीला पाणी पोचवणारा कालवा रोमन सेनापती अग्रिपानं इसवी सनपूर्व १९मध्ये बांधला, बराचसा जमिनीखालून. वेढ्यांत तो तुटला, पुन्हा दुरुस्त झाला आणि आजही चालतो. पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर नाव कोरलंय तेही याच अग्रिपाचं. आणि २०१७च्या दुष्काळात त्या शहरालाही हे नळ बंद करायला सुरुवात करावी लागली होती. आमच्या मांजरा धरणाचा तळ पाहिलेल्या माणसाला रोमची ती गोष्ट कुणी समजावून सांगायला नको.

खरा पहिला दिवस मी दुसऱ्या पहाटेपर्यंत धरतो. अक्का नांदेडात पाचला उठते, म्हणजे रोममध्ये दीडला. संध्याकाळचा उजेड कितीही घेतला तरी पहिल्या रात्री तीन-साडेतीनला तिचे डोळे उघडणार. त्याची धास्ती नको. ज्या गावात सचखंड हजूर साहिबसाठी उजाडायच्या आत गोदावरीचं पाणी घागरीनं आणलं जातं, त्या गावच्या बाईला अंधारातलं उठणं नवं नाही. पाचला खोलीबाहेर पडायचं. दिवसा जिथं उभं राहायला जागा नसते त्या ट्रेव्हीसमोर तेव्हा थोडी माणसं असतील, आणि सूर्य पावणेसहाला उगवेल.

रोमच का, असं नातेवाईक विचारतात. कारण तेर. लातूरहून दीडेक तासावर, तेरणेकाठी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव तगर आहे, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे समुद्रापार. तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी १९३८मध्ये पॉम्पेईत सापडली, इसवी सन ७९च्या राखेखाली. अक्कानं पहिली पाहिली आहे आणि तिला दुसरी पाहायची आहे. ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयाची, रोमहून वेगवान गाडीनं सव्वा तास. पण ते पहिल्या दिवसाचं काम नव्हे. तिसऱ्या दिवसाची तिकिटं काढायची आहेत. संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं पाहूनच विमानाचा वार ठरवला.