मिटणारे छप्पर

कार्तिकात भातकापणी आटोपली, की खडवलीस भातसेच्या काठची खाचरे मोकळी होतात. मुले ढेकळे फोडतात, पाणी शिंपडून जमीन चोपतात, तीन काठ्या रोवतात, झाले क्रीडांगण!

मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणाची खेळपट्टीही मातीचीच. २०११ च्या विश्वचषकासाठी तेथे प्रेक्षकांवर नवे छप्पर घातले गेले. खेळाडूंवर मात्र आभाळच राहिले. कॅनडातील टोरांटो येथे १९८९ साली बेसबॉलच्या क्रीडांगणावर सरकते छप्पर उभारले गेले. पाऊस आला, की छप्पर मिटते आणि खेळ चालू राहतो.

खडवलीत पाऊस आला, की खेळच मिटतो. परंतु त्याच मातीत भाताची रोपे डोलू लागतात. जी भूमी खेळवते, तीच जेवूही घालते. तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या, तर मुले दोन्हींना मुकतील.