निरंक

बुद्धपौर्णिमेला ताडोबाच्या मचाणावर चढणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाघच असतो. माझ्याही होता. खाली पाणवठा, हातात छापील तक्ता. दिवसभराची धग लाकडातून अंगात शिरत राहते. मग चितळ येतात. बिचकतात, थबकतात, पाण्याशी वाकून पुन्हा मान वर करतात. रानडुकरांना असला संकोच नाही, ती धुडगूस घालतच येतात. चांदण्यात रंग विरतात, उरतो तो आकार. रोही की सांबराची मादी? मचाणावरचा सगळा वाद खुणांनी चालतो.

या रात्रीला आता गणना न म्हणता ‘निसर्गानुभव’ म्हणतात, हे बरेच झाले. एकच चितळ दोन पाणवठ्यांवर पाणी प्यायले, तर ते मोजायचे कुठे? वाघांचा हिशेबही पूर्वी पावलांवर चाले. काचेवर गिरवलेले, प्लास्टरमध्ये उतरवलेले ठसे. २००५मध्ये सरिस्कात वाघच उरले नसल्याचे उघड झाले आणि ती पद्धत मागे पडली. आता कॅमेरा पट्ट्यांवरून वाघ ओळखतो. माणसाने चालायचे. मांसभक्षींच्या खुणांसाठी जंगलवाटा, तृणभक्षींसाठी दोन किलोमीटरची आखलेली रेषा. भल्या पहाटे, वनरक्षकामागे, न बोलता. झाडावरचे ओरखडे, वाळलेली विष्ठा, साळिंदराचा गळलेला काटा. काहीच दिसले नाही तरी रेषा संपवायची आणि रकान्यात ‘निरंक’ लिहायचे. स्वयंसेवकाची कसोटी मला इथे वाटते. वाघ दिसल्याचे काय, कोणीही लिहील.

पण जनावर काही आखलेल्या रेषेपुरते राहत नाही. ब्रह्मपुरीकडे वाघ धानाच्या बांध्यांलगत वावरतो. पिल्लांवाली अस्वल कोणत्या नाल्यात आहे, हे मोह वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला ठाऊक असते, कारण तिला त्याच वाटेने घरी परतायचे असते. तिच्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

गडचिरोलीत २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप उतरला. धान कापणीला येत होते. तेव्हापासून या जिल्ह्यात हत्तींची नोंद ठेवणारे असे हौस नसलेलेही लोक आहेत. बांधीत धान लोळलेले, धुरा फुटलेला, चिखलात परातीएवढे पाऊल. शेतकरी मोबाइल काढून फोटो घेतो. नुकसानभरपाईच्या अर्जाला जोडायचा असतो. अर्जावर गाव असते, गट क्रमांक असतो, तारीख असते.