चालत्या प्रेतांची पोथी

गतवर्षी दिवाळीस आमचा पुतण्या पुण्याहून अंबाजोगाईस आला, तो चार जाडजूड ग्रंथ बगलेत मारून. एकेकाची पाने हजारांहून अधिक! पोरगा अखेर अभ्यासास लागला, या समजुतीने आम्ही कौतुकाने पहिला ग्रंथ उघडला, तो पानोपानी कुजकी प्रेते चालताहेत! मातोश्रींनी तात्काळ निकाल दिला की, हे बाड देवघराच्या आसपास दिसता कामा नये. सबब त्याची स्थापना माडीवर झाली, आणि पुढील चार महिने आमचीही.

‘द वॉकिंग डेड’ ही ती अमेरिकन चित्रकथा. लेखक रॉबर्ट कर्कमन. पहिल्या सहा अंकांची चित्रे टोनी मूर यांची व पुढील सर्व चार्ली ॲडलार्ड यांची. २००३ पासून २०१९ पर्यंत तिचे १९३ अंक निघाले. रिक ग्राइम्स नावाचा पोलीस इस्पितळात शुद्धीवर येतो, तो जग ओस पडलेले आणि मेलेली माणसे उठून जिवंतांस खात सुटलेली. आमचा वेताळ निदान गोष्ट सांगून कोडे घालतो. या प्रेतांस वाचाही नाही व बुद्धीही नाही.

इतके लांबण वाचवले कसे, असे कोणी विचारील. ज्या गावी दासोपंतांनी ‘गीतार्णवा’सारखा अफाट ग्रंथ रचिला, त्या गावच्या माणसाने पानांस भिऊ नये! शिवाय त्यांच्या पासोडीत वीस हातांहून लांब कापडावर अक्षरे व आकृत्या जोडीनेच मांडल्या आहेत. चित्र आणि अक्षर यांची सोयरीक आम्हांस नवी नव्हे.

दोनअडीचशे पानांनंतर प्रेतांचे भय उरत नाही. पावसाळ्यात विंचू निघावयाचेच, तशी ती निघतात. खरा प्रश्न प्रत्येक मुक्कामी एकच असतो : दाराबाहेर उभ्या असलेल्या जिवंत माणसाचे काय करावे?

पहिल्याच ग्रंथात हर्शेल नावाचा शेतकरी आहे. मेलेला मुलगा केवळ आजारी आहे, असे मानून तो त्यास कोठारात कोंडून ठेवतो. त्यातून व्हावयाचा तो अनर्थ होतो. पुढे हाच हर्शेल आश्रयास आलेल्या रिकच्या माणसांस आपल्या शेतावरून निघून जावयास सांगतो. त्यांना एक ओसाड तुरुंग सापडतो. भिंती भक्कम, जागा मुबलक. तेव्हा रिक परत जातो आणि ज्याने बाहेर काढले त्यासच राहावयास बोलावतो. येथे आम्ही पुस्तक मिटले, ते तीन दिवस उघडले नाही.

मे २०२० मध्ये आमचा आतेभाऊ परवाना काढून बायको व लहान मुलीसह पुण्याहून आला होता. आम्ही दाराची कडी काढली नाही. खिडकीतून बोललो, गावाबाहेरच्या शाळेत परगावाहून आलेल्यांची सोय आहे, तिकडे जाण्यास सांगितले. घरात वृद्ध माणूस होते, साथ होती, नियमही होता. हे सर्व खरे. परंतु ओसरीवर दोन पाट व पाण्याचा तांब्या ठेवण्यास कोणता नियम आड येत होता? पोरगी तहानली होती. ‘बरं दादा,’ एवढेच म्हणून तो गेला.

एप्रिल २०२१ मध्ये आमच्या घरी पाच माणसे एकाच वेळी अंथरुणास खिळली. दोन्ही वेळचा डबा पायरीवर ठेवून खिडकीतून चौकशी करणारा मनुष्य तोच होता. आदल्या वर्षीची गोष्ट त्याने काढली नाही. आम्हीही काढली नाही, आणि त्यास आम्ही समंजसपणा म्हणत आलो.

अखेरच्या अंकात रिकचा मुलगा थोर झालेला दिसतो. जग पुन्हा वसले आहे. नव्या पिढीस प्रेत म्हणजे पैसे देऊन पाहण्याची चीज. तो आपल्या मुलीस जवळ घेऊन पूर्वीची हकीकत वाचून दाखवितो.

त्या रात्री पंगत आटोपल्यावर आम्ही मुलांस ही खिडकीची हकीकत सांगितली. मातोश्री ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “तांब्या मी भरला होता रे. कोणी नेलाच नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आतेभावाच्या घरी गेलो. दार त्याच्या मुलीने उघडले, आणि प्रथम पाणी आणले.